'डूलॅली' हा इंग्रजी शब्द खरोखरच आपल्या देवळालीचा आहे का?

गोदाकाठचा वाचक

नमस्कार. माझी पुतणी पुण्यात इंग्रजी साहित्याचे शिक्षण घेते. गेल्या आठवड्यात ती सुट्टीसाठी नाशिकला आली असताना तिने एका इंग्रजी कादंबरीतले वाक्य मला दाखवले. त्यात एका वृद्ध गृहस्थांविषयी, ते हल्ली जरा 'डूलॅली' झाले आहेत, असे म्हटले होते. शब्दकोशात अर्थ मिळाला 'वेडसर, भ्रमिष्ट', आणि व्युत्पत्तीच्या जागी चक्क 'देवळाली, मुंबईजवळचे एक गाव' असा उल्लेख आढळला. मुंबईजवळचे हे तर सोडाच, पण चाळीस वर्षे नाशिकरोडला राहूनही हे माझ्या कानावर कधी आले नव्हते. ज्या गावी लोक हवापालटासाठी येऊन राहतात, त्याच गावाचे नाव साहेबाच्या भाषेत वेडाला पर्याय म्हणून वापरले जावे, याचे हसू आले आणि, खरे सांगायचे तर, किंचित वाईटही वाटले.

हे खरे असेल तर ते नेमके कसे घडले, हे कोणी सविस्तर सांगावे. जुन्या वापरात या शब्दापुढे 'टॅप' असे आणखी एक पद जोडलेले दिसते; ते काय आहे? शिवाय 'लूट', 'जंगल', 'पंडित' हे इंग्रजीत गेलेले शब्द सर्वांनाच माहीत असतात, पण त्यांचे श्रेय बहुधा हिंदीच्या खात्यावर जमा होते. मराठीच्या खात्यावर निश्चितपणे मांडता येतील असे शब्द आहेत का? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या व्युत्पत्ती मला रोज मिळतात. त्या कृपया येथे देऊ नयेत.

कॅम्पवासी

आपल्या पुतणीने पाहिलेली व्युत्पत्ती बरोबर आहे. माझे बालपण कॅम्पात गेले असल्यामुळे या शब्दाचा मागोवा मी बराच घेतला आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी एक खुलासा करतो. देवळाली गाव वेगळे आणि देवळाली कॅम्प वेगळा. गाव नाशिकरोडला लागून आहे आणि कॅम्प तेथून काही किलोमीटर दूर, भगूरच्या शेजारी आहे. इंग्रजीत गेलेला शब्द हा गावाच्या नावाचा असला, तरी तो घडला कॅम्पात.

१८६० च्या दशकात ब्रिटिशांनी येथे लष्कराची संक्रमण छावणी उभारली. मुंबई बंदरात उतरलेले गोरे शिपाई घाट चढून येथे येत आणि मग ठिकठिकाणच्या छावण्यांकडे रवाना होत. ज्यांची नोकरीची मुदत संपली असे, ते हिंदुस्थानभरातून येथेच गोळा होत आणि मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत. अडचण अशी होती की सैनिकांची ने-आण करणारी जहाजे वर्षभर चालत नसत. पावसाळा आणि तांबड्या समुद्रातला उन्हाळा टाळून साधारणपणे हिवाळ्याच्या महिन्यांतच ती सुटत. शेवटचे जहाज निघून गेल्यावर एखाद्याची मुदत संपली, तर पुढच्या हंगामापर्यंत त्याला कॅम्पातच दिवस मोजत बसावे लागे. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या सैनिकाच्या १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत या दिवसांचे वर्णन आहे. मुदत संपलेल्या शिपायांजवळ हत्यारे नसत. अधूनमधून सामानाची तपासणी किंवा एखादी कूच सोडली, तर त्यांना काही कामच नसे. काम नाही, घरी जाण्याचा दिवस ठाऊक नाही, जवळ पैसा आहे आणि दारू मिळते आहे, अशा अवस्थेत माणसे विचित्र वागू लागत. कोणी आजारी पडे, कोणी मारामारी करून तुरुंगात जाई. मग एखादा शिपाई कोठेही तऱ्हेवाईक वागू लागला की सोबती म्हणत, 'याला देवळालीचा टॅप झाला आहे.'

हा 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. इंग्रजी कोशांना तेथे 'ज्वर' असा अर्थ समजावून द्यावा लागतो. आपल्याला तो द्यावा लागत नाही, कारण 'डोक्याला ताप' हे आपण दिवसातून दहादा म्हणतो. शिपायांनी हा शब्द बाजारातल्या हिंदुस्थानीतून उचलला असणार, कारण संस्कृतातून आलेला हा शब्द दोन्हीकडे सारखाच आहे. इंग्रजीत मात्र 'टॅप' म्हणजे टपली किंवा नळाची तोटी, त्यामुळे छावणीबाहेरच्या माणसाला हे जोडपद कळेनासे झाले असावे, असे मला वाटते. पुढे ते गळाले आणि नुसता 'डूलॅली' उरला. १९२५ साली निघालेल्या सैनिकी आणि नाविक शब्दांच्या एका संग्रहात तो 'टॅप'सह नोंदलेला आहे, म्हणजे पहिल्या महायुद्धापर्यंत शिपाई तो सर्रास वापरत होते.

उच्चाराबद्दलही थोडे सांगतो. 'ळ' इंग्रजीत नाही, म्हणून तो 'ल' झाला. आघात दुसऱ्या अक्षरावर गेल्यामुळे सुरुवातीचे 'देव' आक्रसून 'डू' झाले. म्हणजे नावातले 'देऊळ' गेले, आणि उरले ते ऐकून आपल्याला आपलेच गाव ओळखू येत नाही.

वाईट वाटण्याचे कारण नाही. वेड गावाला लागलेले नव्हते, वाट पाहणाऱ्यांना लागले होते. या शिपायांचा 'ब्लायटी' हा दुसरा शब्द शेजारी ठेवला की चित्र पुरे होते. 'ब्लायटी' म्हणजे मायदेश, इंग्लंड. आणि तो आला आहे 'विलायती'च्या 'बिलायती' या उच्चारातून. मूळ अरबी 'विलायत' म्हणजे प्रांत किंवा अंमल. आपल्याकडे त्याचा अर्थ परदेश, आणि पुढे इंग्लंड असा झाला. इंग्रज शिपाई स्वतःच्या देशाला आपण त्याला दिलेल्या नावाने हाक मारू लागला. महायुद्धात तर जी जखम जिवावर बेतत नाही, पण घरी पाठवण्याइतकी मोठी असते, तिला 'ब्लायटी जखम' म्हणत आणि ती व्हावी अशी आशाही धरत. (जाता जाता: विलायती चिंच मुळात मध्य अमेरिकेकडची आहे. तिचा विलायतेशी काडीचाही संबंध नाही.)

शब्दशोधक

कॅम्पवासी यांनी पहिल्या दोन प्रश्नांचे समाधान केलेच आहे, म्हणून मी तिसऱ्याकडे वळतो. मराठीच्या खात्यावर काय मांडता येईल, हे ठरवताना एक अडचण नेहमी येते. पुष्कळ शब्द मराठी, गुजराती, हिंदी आणि कानडी यांत थोड्याफार फरकाने सारखेच असतात, त्यामुळे इंग्रजांनी तो कोणाच्या तोंडून ऐकला, हे शब्दाच्या रूपावरून आणि तो प्रथम कोठे लिहिला गेला यावरूनच ठरवावे लागते.

या कसोटीला उत्तम उतरणारा शब्द म्हणजे 'मंगूज', अर्थात आपले मुंगूस. हिंदीत या प्राण्याला 'नेवला' म्हणतात, म्हणजे तो दावा मुळातच निकालात निघतो. कानडी आणि तेलुगूत जवळची रूपे आहेत, परंतु इंग्रजी कोश मराठीकडेच बोट दाखवतात. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य शिवकाळात आपल्या भागात फिरला होता, जुन्नरपर्यंतही गेला होता. त्याचे प्रवासवर्णन १६९८ साली प्रसिद्ध झाले आणि मुंगूस हा प्राणी फेरेट या लांबट अंगाच्या शिकारी प्राण्याच्या जातीचा असल्याचे त्यात सांगितले आहे. शब्दाच्या शेवटी 'गूस' ऐकू येत असल्यामुळे इंग्रजांना पुढे त्यात हंस दिसू लागला, आणि अनेकवचन 'मंगीज' करावे की काय, असा प्रश्न शाळकरी मुलांना अजूनही पडतो. शब्दात हंस नसल्यामुळे अनेकवचन साधे 'मंगूजेस' असेच होते. याच जातीचा घोटाळा 'बँडिकूट' या शब्दात नाही, पण प्रवास मात्र अजब आहे. तो तेलुगू 'पंदिकोक्कु'पासून आला, त्याचा शब्दशः अर्थ 'डुक्कर-उंदीर', आणि प्राणी म्हणजे आपली घूस. पुढे ऑस्ट्रेलियात पोटाला पिशवी असलेला एक निराळाच प्राणी दिसला, त्यालाही साहेबाने हेच नाव देऊन टाकले.

दुसरा शब्द 'खंडी'. इंग्रज व्यापाऱ्यांच्या वह्यांत तो 'कँडी' असा लिहिलेला सापडतो. वीस मणांची एक खंडी हा हिशेब जुन्या लोकांना पाठ असतो. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणून मुंबईची खंडी ५६० पौंडांची. अन्य ठिकाणी मण बदलला की खंडीही बदले. कापसाच्या बाजारात रुईचे भाव आजही खंडीवर निघतात आणि ती खंडी सुमारे ३५६ किलोंची असते. आता गंमत पाहा. गोळी-चॉकलेटांना म्हणतात ती 'कँडी' अगदी तशीच लिहितात, पण ती या खंडीची कोणी नव्हे. संस्कृत 'खंड' म्हणजे साखरेचा खडा. तो फारसीत 'कंद' झाला, अरबीतून फ्रेंचमध्ये गेला आणि तेथून इंग्रजीत पोहोचला. आपली खांड ती हीच. एक शब्द कापसाच्या गाठींबरोबर थेट बंदरातून गेला आणि दुसरा त्याच्या कित्येक शतके आधी उंटांच्या तांड्याबरोबर निघाला होता. इंग्रजीत दोघे एकाच रूपात भेटले.

लासलगावचा कांदा ज्यात भरतात ती 'गोणी' इंग्रजीत 'गनी' झाली आणि 'गनी बॅग' म्हणून जगभर गेली. हा मात्र मराठी आणि हिंदी या दोघींचा सामाईक शब्द आहे. 'चिंट्झ' हा छापील सुती कापडाचा शब्द म्हणजे आपले चीट. ज्यांच्या आजीने चिटाचे परकर शिवले असतील, त्यांना तो लगेच कळेल. येथे इंग्रजांची चूक मनोरंजक आहे. 'चिंट' हे एकवचन आणि 'चिंट्स' हे अनेकवचन असताना, व्यापारात सदैव अनेकवचनच ऐकू येत असल्यामुळे तेच एकवचन समजले गेले, आणि आता त्याला पुन्हा अनेकवचनाचा प्रत्यय लागतो.

'टँक' या शब्दाबाबत मी सावध आहे. मराठी 'टाके' आणि गुजरातीतले त्याचे भावंड एका बाजूला, पोर्तुगीज 'तांके' दुसऱ्या बाजूला, आणि इंग्रजी शब्दात दोघांचेही पाणी मिसळलेले दिसते. पहिल्या महायुद्धात नव्या चिलखती गाडीचे रहस्य फुटू नये म्हणून ती पाण्याची टाकी असल्याची बतावणी केली गेली, आणि १९१६ साली ती रणांगणावर उतरली तेव्हा नाव तेच चिकटले. नगरच्या रणगाडा संग्रहालयात उभी असलेली धूडे आणि पांडवलेण्यांतली पाण्याची टाकी यांचे हे नाते कोणाला सहज सुचणार नाही. पांडवलेण्यांचा विषय निघालाच आहे, तर एक अवांतर नोंद करतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या तेथील शिलालेखात 'लेण' आणि 'पोढी' असे दोन शब्द येतात. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. 'लेणे' आपण जपले. 'पोढी' मात्र बोलण्यातून पार नाहीशी झाली.

विश्वासू नाशिककर

आपण सर्वजण इंग्रजांना फारच सवलत देत आहात. माझ्या वाचनात असे आले आहे की 'नेव्हिगेशन' हा शब्द संस्कृत 'नवगति' यावरून चोरलेला आहे. तसेच हिंदुस्थानच्या जहाजांवर जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची सावलीची खोली धनिकांना मिळे, आणि 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'पॉश' हा शब्द बनला. हे दोन्ही शब्द यादीत का नाहीत?

शब्दशोधक

महोदय, आपण विचारलेत ते बरे झाले, कारण उसना शब्द आणि नात्यातला शब्द यांची गल्लत येथेच होते. 'नेव्हिगेशन' हा लॅटिन शब्द आहे. 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'आगेरे' म्हणजे हाकणे. संस्कृत 'नौ' आणि लॅटिन 'नाविस' या एका आजीच्या नाती आहेत, हे खरे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळातून आल्या असाव्यात, असे विल्यम जोन्स याने १७८६ साली कोलकात्यात मांडले आणि पुढच्या संशोधनाने ते दृढ केले. परंतु दोन बहिणींचे नाक सारखे असले, म्हणून एकीने दुसरीचे नाक चोरले, असे आपण म्हणत नाही. 'नवगति' हा शब्द तर या दाव्यासाठीच जुळवलेला दिसतो. नौकेची गती संस्कृतात 'नौगति' होईल, 'नवगति' म्हणजे नवी गती.

'पॉश'ची गोष्ट ऐकायला छान आहे, पण तशी आद्याक्षरे छापलेले तिकीट आजवर कोणालाही मिळालेले नाही. आद्याक्षरांवरून शब्द बनवण्याची चाल विसाव्या शतकापूर्वी फारशी नव्हती, त्यामुळे कोणत्याही जुन्या शब्दाची अशी फोड दिसली की मी आधी शंका घेतो.

तोफखान्याची लेक

माझे वडील देवळालीच्या तोफखान्यात होते आणि आमच्या घरी रोजच्या बोलण्यात लष्करी शब्द असत, म्हणून उलट दिशेच्या वाहतुकीविषयी लिहिण्याचा मोह होतो. इंग्रजांनी आपले शब्द मोडले, तसे आपल्या शिपायांनीही त्यांचे मोडले, आणि माझ्या मते अधिक कौशल्याने मोडले. 'ऑर्डर्ली'चा 'अर्दली' झाला, 'रिक्रूट'चा 'रंगरूट' झाला, 'ब्यूगल'चे 'बिगूल' झाले. 'पलटण' हा शब्द 'बटालियन'पासून आला की 'प्लटून'पासून, यावर जाणकारांत मतभेद आहेत. बहुधा दोन्ही एकमेकांत मिसळले असावेत. पण या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे 'हुकुमदार'. रात्री पहाऱ्यावरचा इंग्रज शिपाई 'हू कम्स देअर' असे ओरडे. आपल्या शिपायाने त्यातून 'हुकुम' आणि 'दार' असे दोन ओळखीचे तुकडे ऐकले, आणि तो अंधारात तितक्याच रुबाबात 'हुकुमदार!' असे दरडावू लागला. ध्वनी जवळजवळ तोच, दरारा तोच, आणि शब्द पूर्णपणे आपला.

मराठी संकेतस्थळांवर ज्याच्या नावाने सतत भांडणे होतात तो 'कंपू' हाही लष्करीच शब्द आहे. शिंद्यांच्या कवायती फौजेत द बॉय्न या फ्रेंचभाषक सेनानीने उभारलेल्या पथकांना कंपू म्हणत. तो पोर्तुगीज 'कांपो'वरून आला असो वा इंग्रजी 'कॅम्प'वरून, मूळ एकच, लॅटिन 'काम्पुस' म्हणजे मोकळे मैदान. म्हणजे देवळालीचा 'कॅम्प' आणि येथली 'कंपूबाजी' हे चुलतभाऊ ठरतात.

आणखी एक योगायोग सांगते. ज्या कॅम्पात ही सरमिसळ चालू होती, त्याला अगदी खेटून असलेल्या भगूरला १८८३ साली सावरकरांचा जन्म झाला, आणि पुढे भाषाशुद्धीचा आग्रह धरून 'दिनांक', 'महापौर', 'हुतात्मा' असे शब्द त्यांनीच मराठीला दिले. मी स्वतः 'दिनांक' आनंदाने लिहिते आणि 'बिगूल'ही तितक्याच आनंदाने वाजवते.

कॅम्पवासी

ताई, 'हुकुमदार' मी लहानपणी खेळात ओरडलो आहे. तो इंग्रजी आहे, हे कळायला चाळिशी उलटावी लागली.

या विषयाची ज्यांना अधिक गोडी असेल, त्यांनी यूल आणि बर्नेल यांचा १८८६ साली निघालेला 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश पाहावा. त्याचे नावच या प्रकाराचा नमुना आहे: मोहरममधला 'या हसन, या हुसेन' हा घोष गोऱ्या शिपायांच्या कानांनी ऐकला तो असा. मराठी बाजू पडताळण्यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, शक्यतो १८५७ ची दुसरी आवृत्ती, हाताशी असावा. व्युत्पत्ती सांगणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो: हा शब्द सर्वांत आधी कोणी, कोठे आणि कधी लिहिला? उत्तर मिळाले, तर पुढे बोलावे.

शब्दशोधक

जाऊन परत आलेल्या शब्दांची एक लहान जात राहून गेली, म्हणून हे पुरवणीदाखल. 'शाम्पू' हा हिंदुस्थानी 'चाँपो' म्हणजे 'दाब, चेप' या आज्ञार्थी रूपापासून निघाला. आपली 'चंपी' त्याच कुळातली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेख दीन महंमद या बिहारकडच्या गृहस्थाने ब्रायटनला वाफेचे स्नान आणि मालिश यांचा व्यवसाय थाटला, त्याची कीर्ती थेट राजघराण्यापर्यंत पोहोचली. तेव्हा 'शाम्पू' म्हणजे अंग रगडणे होते. केस धुण्याचा अर्थ नंतर आला, आणि आता आपण तो बाटलीत भरून परत विकत घेतो. 'जिमखाना'ही असाच आहे. 'गेंदखाना' म्हणजे चेंडूघर, त्याचा पुढचा भाग 'जिम्नॅस्टिक'च्या प्रभावाने बदलला असे मानतात. आणि दिवाणखान्यातल्या 'टीपॉय'चा चहाशी मुळात संबंध नाही. तो 'तिपाई' म्हणजे तीन पायांचा. इंग्रजांनी त्यात 'टी' ऐकला, त्याप्रमाणे लिहिला आणि त्यावर चहा ठेवू लागले.

गोदाकाठचा वाचक

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. देवळालीविषयीची माझी किंचित नाराजी आता उरलेली नाही. उलट पुढच्या वेळी कॅम्पातून जाताना, जहाजाची वाट पाहत बसलेली ती माणसे डोळ्यांपुढे येतील. मोल्सवर्थ पाहण्यासाठी येत्या रविवारी सार्वजनिक वाचनालयात जाण्याचे ठरवले आहे.

ही सारी चर्चा मी पुतणीला मोठ्याने वाचून दाखवली. 'चिंट्झ'चे अनेकवचन तिला फार आवडले, 'हुकुमदार' तर तिने लगेच पाठ केला. 'टीपॉय'पर्यंत आल्यावर मात्र ती उठून दिवाणखान्यात गेली आणि परत येऊन म्हणाली, "काका, आपल्या टीपॉयला चार पाय आहेत."